आठ-शून्य आणि आपलं अंगण

११ ऑक्टोबर २०२२. दसरा-कोजागिरी आटोपली होती आणि मी नांदेडच्या आमच्या घरात फराळाच्या सामानाची यादी करत बसले होते. किती किलो भाजणी, किती किलो डालडा, असं चाललेलं. तेवढ्यात हॉलमधून लेकीची हाक आली, “आई, लवकर ये, जन-गण-मन सुरू झालं!”

लेक तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत होती. टीव्हीवर भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम दिसत होतं. सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात भरला होता. निळ्या जर्सीतल्या अकरा मुली छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. काहींचे ओठ हलत होते, काहींचे डोळे भरले होते. समोर अमेरिकेच्या मुली, उंच आणि दणकट. मी यादी बाजूला ठेवली आणि लेकीशेजारी बसले.

मध्यंतरापर्यंत आपल्यावर पाच गोल झाले. सामना संपला तेव्हा पाटीवर आठ-शून्य होतं. लेक उशी पोटाशी धरून गप्प बसली होती. मला वाटलं, आता रडणार. पण ती म्हणाली, “आई, आठ झाले तरी त्या शेवटपर्यंत पळत होत्या, पाहिलंस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत मात्र वेगळंच ऐकलं. “पोरींनी पार नाक कापलं बघा,” शेजारचे काका पेपर हलवत म्हणाले. “कशाला पाठवायचं असलं? चूल-मूल नाही म्हणा आता, पण फुटबॉल म्हणजे...” मीही हसले. मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही हसले. त्या हसण्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी त्या आठ-शून्यामागं काय होतं ते बघू. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. नंतर एकेक बातमी वाचत गेले, तसं कळलं.

नुसते आकडे बघितले तर

त्या स्पर्धेत आपल्या मुली तीन सामने खेळल्या. ११ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-८, १४ ला मोरोक्कोकडून ०-३ आणि १७ ला ब्राझीलकडून ०-५ अशी हार झाली. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. गुण शून्य. प्रगतिपुस्तकात असं आलं असतं तर आपण लेकराला जेवायला वाढायच्या आधी फैलावर घेतलं असतं.

पण मोरोक्कोविरुद्ध मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होतं. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं आपल्या पोरींनी त्यांना एकही गोल करू दिला नाही. तिन्ही गोल दुसऱ्या अर्धात झाले. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी बोललं नाही.

या संघाची कर्णधार होती अस्तम उरांव. झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या एका छोट्या गावची, शेतमजुराची लेक. विश्वचषकाच्या वेळी तिच्या गावात तिच्याच नावानं रस्ता करायचं काम सुरू झालं. आणि त्या रस्त्यावर रोजंदारीनं खडी-माती वाहायला कोण होतं? तिचेच आई-वडील. रोज अडीचशे रुपयांच्या आसपास हजेरी. लेक देशाची कर्णधार होती आणि माय-बाप तिच्या नावाच्या रस्त्यावर घमेलं उचलत होते. लेकीचा सामना बघता यावा म्हणून प्रशासनानं त्यांच्या घरी टीव्ही बसवून दिला. हे वाचलं तेव्हा ताटातला घास हातातच राहिला होता.

त्या संघात एकट्या झारखंडच्या सहा मुली होत्या. मणिपूरच्या बऱ्याच होत्या. आपल्या महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसोझा होती. मराठवाड्याची? एकही नाही. गल्लीत नाक कापल्याची भाषा झाली खरी, पण त्या मैदानावर आमच्या गल्लीनं नाक ठेवलंच कुठं होतं?

मोठ्यांनी काय केलं?

ज्या मुलींना आपण हसलो, त्यांच्या वाट्याला त्याआधी काय काय आलं होतं तेही बघा.

हा विश्वचषक खरं तर २०२० साली भारतात व्हायचा होता. कोरोना आला. स्पर्धा आधी पुढं ढकलली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. त्या स्पर्धेसाठी ज्या मुली तयारी करत होत्या, त्यांचं वय थांबणार होतं का? २०२२ ची स्पर्धा भारतात भरली तोवर त्या सतराच्या पुढं गेल्या होत्या. घरदार सोडून शिबिरात राहिलेल्या त्या पोरींना विश्वचषक मिळालाच नाही. मग नव्या मुली निवडून अवघ्या काही महिन्यांत नवा संघ बांधला. थॉमस डेनरबी नावाचे स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक होते, जमशेदपूरला शिबिर झालं, युरोपचे दौरे झाले.

त्या दौऱ्यावर असतानाच एका सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप झाला. जून २०२२ च्या अखेरीस त्याला परत बोलावलं, जुलैमध्ये कामावरून काढलं. ज्या माणसाच्या भरवशावर आपण लेकरू परदेशी पाठवतो, त्याच्याबद्दल असं ऐकलं तर आईच्या पोटात काय होईल? त्या सगळ्यातून मुली पुन्हा सरावाला उभ्या राहिल्या.

एवढ्यावर भागलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या फुटबॉल महासंघाच्या कारभाराच्या घोळापायी फिफा या जागतिक संघटनेनं भारतावर बंदी घातली. विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता आणि तो भारतात होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. २६ ऑगस्टला बंदी उठली आणि दीड महिन्यानं या पोरी अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या. खुर्च्यांची भांडणं मोठ्यांची, झोप उडाली लेकरांची. घरात भांडणं चालली की दहावीच्या पोराचे मार्क कसे उतरतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

रक्त तेच, मैदान वेगळं

आता अमेरिकेची गोष्ट. त्या आठ गोलांपैकी एक गोल करणाऱ्या मुलीचं नाव होतं मिया भुता. नाव ऐकून चमकलात ना? तिचे वडील भारतीय वंशाचे. म्हणजे “आपल्या पोरींची चणच बारीक, आपल्याला हे खेळ जमायचे नाहीत,” असं जे आपण म्हणतो, त्याला त्या एका गोलानं उत्तर दिलं. मुळं इथलीच, पण ती वाढली मुलींना मैदान देणाऱ्या देशात.

अमेरिकेत तरी हे आपोआप झालं का? नाही. तिथं १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, असा त्याचा अर्थ. खेळही त्यात आले. त्याआधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. पुढं त्या तीस लाखांच्या वर गेल्या. त्यांच्या आज्या बाकावर बसून भावाचा खेळ बघत होत्या, नाती विश्वचषकात आठ गोल करायला लागल्या. मध्ये पन्नास वर्षं गेली.

बरं, अमेरिका श्रीमंत म्हणून सोडून देऊ. मोरोक्को तर आपल्यासारखाच देश. तिथंही मुलीनं चड्डी घालून मैदानावर उतरणं सोपं नव्हतं. त्या मुलींचाही तो पहिलाच विश्वचषक होता. पण तिथं मुलींच्या फुटबॉलवर ठरवून पैसा आणि माणसं लावली. पुढच्याच वर्षी, २०२३ ला, त्यांच्या मोठ्या बायकांचा संघ विश्वचषकात शेवटच्या सोळांत पोचला. अरब देशांतला तो पहिलाच.

आणि या स्पर्धेची अंतिम लढत झाली ती आपल्याच नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, ३० ऑक्टोबरला. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तेही कोलंबियाच्याच एका मुलीकडून चुकून झालेल्या स्वयंगोलामुळं. त्या कोलंबियाच्या संघात लिंडा कायसेदो नावाची मुलगी होती. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. सतराव्या वर्षी ती आपल्या महाराष्ट्रात येऊन विश्वचषकाची फायनल खेळून गेली. आपण मात्र मुलीला पाळी आली की म्हणतो, “आता उड्या मारायच्या बंद.”

मुलांचा संघ आणि त्यांच्या माया

मुलांचंही सांगते, म्हणजे तुलना होईल. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपली मुलं अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हरली. म्हणजे त्यांनाही गुण मिळाला नाही. पण ९ ऑक्टोबर २०१७ ला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं डोक्यानं गोल मारला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. साऱ्या देशानं त्या एका गोलाचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं.

मला त्या गोलात त्यांच्या माया दिसतात. कॉर्नरवरून चेंडू मारला तो संजीव स्टॅलिननं. त्याची आई बेंगळुरूत रस्त्याच्या कडेला कपडे विकायची. गोल केला त्या जॅक्सनचे वडील आजारी पडलेले, आई इंफाळच्या बाजारात भाजी विकायची. कर्णधार अमरजित सिंगची आई मासे विकायची. कोमल थाटलचे आई-वडील सिक्कीममध्ये शिवणकाम करायचे. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव या संघात होता, तो रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी घरातला नमित देशपांडेही होता.

बघा, पैसा कुणाकडेच फारसा नव्हता. मग कोल्हापूरला अनिकेत कसा घडला? कारण तिथं पेठापेठांत तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं तिथल्या लेकरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की गाव लोटतं. मणिपूर-झारखंडचंही तसंच. गावागावांत पोरापोरींच्या पायाशी चेंडू असतो. खेळाडू आधी गावात तयार होतो आणि मग देशाच्या संघात जातो. वरचा संघ म्हणजे खालच्या अंगणांची बेरीज. अंगणंच कमी पडली तर बेरीज कितीशी येणार?

तरीही आपली बेरीज कधीच आली नव्हती असं नाही. १९७४ साली बँकॉकला आपल्या युवा मुलांनी इराणबरोबर संयुक्तपणे आशियाई विजेतेपद मिळवलं होतं. बायकांचा संघ १९७९ आणि १९८३ च्या आशियाई स्पर्धांत चक्क उपविजेता होता. आपल्या आईच्या वयाच्या बायका त्या! साडी नेसून हळदी-कुंकवाला जाणाऱ्या पिढीतल्याच काही जणी आशियात दुसऱ्या आल्या होत्या, आणि आपल्याला शाळेत कुणी ते शिकवलं नाही.

नांदेड-लातूरचं अंगण

आता आपल्याकडं येऊ. माझं माहेर लातूर, सासर नांदेड. खेळ या दोन्ही गावांना नवा नाही. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, देशभरातले संघ येतात. लातूरच्या मातीनं हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल दिले. पण हॉकीचे ते सामने आणि ती कुस्ती बघायला आपण बायका किती वेळा गेलो? मी तर लग्नानंतर वीस वर्षांत एकदाही नाही.

१५ सप्टेंबर २०१७ आठवतंय का? त्या विश्वचषकाच्या निमित्तानं राज्य सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचं ठरवलं होतं. शाळाशाळांतून चेंडू आले होते. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलला लाथ मारली. चेंडू गेला एकीकडं आणि बूट उडाला दुसरीकडं! घरी आली ती लाल मातीनं माखून. म्हणाली, “आई, मला हेच खेळायचं.”

पुढं काय झालं तेही सांगते. ते चेंडू शाळेच्या कपाटात गेले. हवा गेली, पंप नव्हता. सरांकडं सहावीचा वर्ग आणि निवडणुकीचं कामही होतं. मग लेक गल्लीतल्या मुलांबरोबर मागच्या रिकाम्या प्लॉटवर खेळायला लागली. पाच वर्षं खेळली. चांगली खेळायची. त्या प्लॉटवर पुढं अपार्टमेंट झालं तेव्हा पोरं दुसरीकडं गेली, ही त्यांच्यामागं.

आणि मग तो आठ-शून्यचा ऑक्टोबर आला. त्याच हिवाळ्यात तिला पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, “आता पोरांत नको.” जाऊबाई म्हणाल्या, “किती काळवंडली बघा.” शेजारच्या काकांचं वाक्य डोक्यात होतंच. मी समाजकार्य करते, बचत गटाच्या बैठकीत बायकांना मुलींच्या शिक्षणाचे धडे देते. त्या मीच लेकीला सांगितलं, “बास झालं आता. दहावीचं बघायचं. एवढं खेळून शेवटी आठ-शून्यच ना?”

ती काही बोलली नाही. बूट धुतले, वाळवले आणि माळ्यावर ठेवून दिले. चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. मुली अशाच गुपचूप मैदानाबाहेर पडतात. कुणी त्यांची नोंद ठेवत नाही. पाटीवर आठ-शून्य दिसतं, आणि ज्या मुली कधी मैदानात पोचल्याच नाहीत त्या कुठल्याच पाटीवर दिसत नाहीत.

२०२५ ची दिवाळी

दहावीनंतर लेकीला लातूरला क्लासला घातलं. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीतच आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. पोरंपोरी होस्टेलच्या खोलीतून क्लासला आणि क्लासमधून खोलीत. माझी लेकही त्यातच.

१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारसेच्या दिवशी, किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरात आपल्या सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं. आधी एक गोल खाल्ला होता. मग बदली खेळाडू म्हणून आलेल्या थंडामोनी बास्केनं बरोबरी केली आणि अनुष्का कुमारीनं दुसरा गोल मारला. त्या विजयानं आपला संघ २०२६ साली चीनमध्ये भरवायच्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. या स्पर्धेत भारताच्या मुली त्याआधी एकदाच, २००५ साली, खेळल्या होत्या. वीस वर्षांनी त्यांनी दार उघडलं, तेही पात्रता फेरी जिंकून.

त्याच वर्षी जुलैत मोठ्या बायकांच्या संघानं थायलंडला थायलंडमध्ये जाऊन २-१ हरवलं आणि आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारला १-० हरवून त्यांच्या गटाची जागा मिळवली. म्हणजे एकाच वर्षात मुलींचे तिन्ही संघ. ज्या खेळाची आपण तीन वर्षांपूर्वी थट्टा केली, तिथं कुणीतरी निमूट काम करत होतं.

लेकीचा फोन आला. मला वाटलं, दिवाळीला कुठल्या गाडीनं येते ते सांगणार. ती म्हणाली, “आई, बातमी वाचली का? त्या संघात २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याच चालतात. म्हणजे सगळ्या माझ्याच वयाच्या.”

एवढंच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. पण मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिले. माझी लेक देशासाठी खेळली असती असं मला म्हणायचं नाही. कदाचित जिल्ह्यालाही खेळली नसती. पण ते तिला ठरवू द्यायला हवं होतं. तिचा खेळ तिच्या पायांनी संपायला हवा होता, माझ्या तोंडच्या एका वाक्यानं नव्हे.

आपल्या हातात काय आहे?

दिवाळीनंतर बचत गटाच्या बैठकीला आमच्या गटातली एक बाई उशिरा थांबली. घरोघर धुणं-भांडी करते. म्हणाली, “मॅडम, पोरगी सहावीत हाय. शाळेतल्या सरांनी फुटबॉलात घेतलंय, रोज सकाळी जायली. तिचा बाप म्हणतो बंद कर. काय करू वं?”

या वेळी मी घाई केली नाही. तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

शाळेच्या स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. सुब्रतो कप नावाची शाळांची मोठी फुटबॉल स्पर्धा आहे, तिच्यात सतरा वर्षांखालील मुलींचाही गट आहे. शाळा नाव देत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. आपण रेशनकार्डासाठी तहसीलला चकरा मारतो, मग इथं एक चक्कर का नाही? मुलीचा जन्मदाखला मात्र नीट करून ठेवा. वयोगटाच्या खेळात सगळं त्या एका कागदावर असतं.

अभ्यासाचं म्हणाल, तर ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. बाप ऐकत नसेल तर त्याला हे सांगा. कधी कधी नोकरीचं नाव काढलं की दार उघडतं.

खाण्याकडं बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींमागं एकोणसाठ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्तच नसेल तर नव्वद मिनिटं पळणार कशी? शेंगदाणा-गुळाचा लाडू, पालेभाजी, मोड आलेली मटकी, चालत असेल तर अंडं. यात महाग असं काय आहे? भावाच्या ताटात पडतं ते तिच्याही ताटात पडू द्या. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्या का ते विचारा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. खेळल्यानं काही बिघडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मैदानावर कोण शिकवतं, बाहेरगावी कोण नेतं, मुक्काम कुठं, सोबत बाई आहे का, हे विचारायला लाजू नका. २०२२ च्या त्या प्रकरणानं एवढं तरी शिकवलं. मुलीला सांगून ठेवा, काही खटकलं तर पहिलं मला सांग, मी तुझा खेळ बंद करणार नाही. कारण खेळ बंद होईल या भीतीनंच मुली गप्प बसतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर तिला पाठ करून द्या.

“पोरींना जमतं का?” असं कुणी म्हणालं तर लांबची नावं सांगू नका, जवळचीच सांगा. धाराशिवची सारिका काळे. तिच्या कप्तानीत भारतानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव. गोळाफेकीतली ही दिव्यांग खेळाडू २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलबरोबर देशाचा तिरंगा घेऊन चालली. धाराशिवला खो-खोचं मैदान होतं, म्हणून सारिका झाली. फुटबॉलचं मैदान असेल तर तीही होईल.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते समदं खरं हाय मॅडम, पण सकाळी अंधारात एकटी जाती पोरगी. मला कामावर जायचं असतंय. तिच्या बापाचं म्हणणं तेच हाय.”

खरं अडलं होतं ते इथं. कायदा, गुण, नोकरी हे नंतरचं. आधी साडेपाच वाजता सोबत कोण जाणार? मी म्हणाले, मी जाते.

तर मैत्रिणींनो, गेले काही दिवस सकाळी मैदानाच्या कडेला एक सतरंजी असते. सुरुवातीला मी एकटीच बसायचे. आता आणखी तिघी येतात. एक चहाचा थर्मास आणते, एक शेंगा सोलते. एकीनं तर पंप आणला, पैसे गटातून काढले. चौदा मुली आहेत. त्यातल्या पाच जणींना बूट नाहीत. माळ्यावरचे बूट मी खाली काढले. लेकीला फोन करून विचारलं, “कुणाला देऊ का गं?” ती म्हणाली, “दे. पण लेस नवीन घाल, जुन्या तुटतात.”

बूट त्या धुणं-भांडी करणाऱ्या बाईच्या पोरीला दिले. तिला थोडे मोठे होतात, पुढं कापूस घालून खेळते. परवा या मुलींचा दुसऱ्या शाळेशी सामना झाला. हरल्या, चार-शून्यनं. सामना संपल्यावर ती पोरगी धापा टाकत सतरंजीपाशी आली आणि म्हणाली, “मावशी, उद्या पण याल ना?”